शेडमधली खाडी

कार्तिक सरत आला की आमच्या दारात तांदळाची एक गोणी येते. खारबावच्या बाळारामचा थोरला मुलगा ती गाडीतून उतरवतो, ओट्यावर टेकवतो आणि म्हणतो, "नवा हाय, मास्तर." मी मान डोलावतो. हा तांदूळ त्यांच्या शेतातला नसतो. तो अंबाडी गावच्या बाजारात घेतलेला असतो, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. जिथे शेत होते तिथे आज गोदाम उभे आहे. बाळाराम आता घराबाहेर पडत नाही. पण त्याने घालून दिलेली रीत मोडायची नाही म्हणून गोणी येते, आणि रीत मोडायची नाही म्हणून आम्ही ती घेतो.

गोणीची शिवण उसवली की नव्या तांदळाचा दमट वास घरभर पसरतो. इतरांना त्या वासाने सुगी आठवत असेल. मला ओले सिमेंट आठवते, वितळलेले मेण आठवते, आणि एका बंद शेडमध्ये, काचेच्या कौलांतून उतरलेल्या उजेडाखाली, आवाज न करता आत येणारे पाणी आठवते. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला तो एक पावसाळा आणि त्याच्या पाठची ती सुगी. तो हंगाम माझ्यापुरता अजून संपलेला नाही.

माझे वडील पाण्याचे इंजिनिअर होते. एका सरकारी संशोधन केंद्रात त्यांनी नोकरीची सारी वर्षे नद्या, खाड्या आणि बंदरे लहान करण्यात घालवली. कुठे धक्का बांधायचा असला, कुठे नदीला वळवायचे असले, की आधी तिची प्रतिकृती मोठ्या छपराखाली सिमेंटमध्ये घडवीत आणि तिच्यात पाणी सोडून पाहत. लहानपणी मी तिथे एकदा गेलो होतो. गुडघाभर रबरी बूट घातलेले बाबा एका बंदरातून चालत होते. दीपस्तंभ त्यांच्या पोटरीला लागत होता. ते सावकाश वाकले आणि एका बोटाने त्यांनी एक गाव किंचित सरकवले. त्या रात्री मी जेवलो नाही, असे आई पुढे सांगत असे.

अशा प्रतिकृतीचे एक वैशिष्ट्य आहे. लांबी-रुंदी जितकी लहान केली तितकीच खोलीही लहान केली तर खाडीत बोटभर पाणी उरत नाही. ते वाहायचेही थांबते. म्हणून खोली कमी प्रमाणात लहान करतात. परिणामी सारे उतार उभे कडे होतात आणि उथळ पात्रे दऱ्या होतात. जागा ओळखीची असते, पण तिच्यात पाय टाकण्याचा धीर होत नाही. वेळही आक्रसते. खऱ्या खाडीला भरती-ओहोटीला जे तास लागतात ते तिथे चहा निवण्याच्या आत उरकतात. बाबा म्हणत, "पाणी लहान करता येतं. गाळ लहान करता येत नाही. पाण्यानं सांगितलं ते ऐकावं, गाळाबद्दल त्याला विचारू नये." हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला ते हे वाक्य ऐकवीत. दुसरे वाक्य असे, की भरतीचे छापील वेळापत्रक मुंबई बंदराचे असते. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते आणि ओहोटीही उशिरा लागते. हा उशीर विसरणाऱ्याने पाण्याच्या नादी लागू नये.

आई खाडीच्या मुखाकडच्या, वसईच्या अंगाच्या एका गावची. लग्न होऊन भिवंडीत आली आणि यंत्रमागांच्या, लूमच्या, खडखडाटात तिचे आयुष्य गेले. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना कारखाने होते. दोघांत बोलायचे तर आवाज चढवावा लागे. ती मात्र बोलणेच कमी करून मोकळी झाली. शेवटच्या आजारात ती एकदाच स्पष्ट बोलली. "खाडी माझ्या माहेरी जाते. मला तिच्यात सोडा. कुणी पोचवायला यायला नको." बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. आमच्या घरात हे फार होते.

ती वैशाखात गेली. अस्थी घेऊन आम्ही खाडीच्या घाटावर उभे राहिलो. पाण्याकडे तोंड केले तर उजवीकडे समुद्र आणि डावीकडे आतला मुलूख, खारबावच्या शेतांचे वळण. अस्थी ओहोटीला सोडायच्या, म्हणजे त्या समुद्राला मिळतात, ही इकडची रीत. गुरुजींनी विचारले, "साहेब, पाण्याचं तुम्हीच सांगा. कधी?" बाबांनी सकाळच्या वर्तमानपत्रात भरती संपायची वेळ पाहिली होती. त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "आता."

पायरीवरून कलश पालथा झाला. झेंडूची माळ पाण्यावर पडली, क्षणभर थांबली आणि डावीकडे निघाली.

ती काठाकाठाने, घाईने, आत चालली होती. सर्वांनी पाहिले. गुरुजींनी मंत्र थोडा लांबवला. बाबा माळ दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. परतताना रिक्षात ते एवढेच म्हणाले, "उलटी गेली."

जी चूक इतरांनी करू नये म्हणून त्यांनी हयात घालवली, ती त्यांनी आईच्या वेळी केली. तेराव्यानंतर त्यांनी घरामागच्या शेडची किल्ली मागितली. ती शेड आमचीच. भाडेकरूने लूम भंगारात घालून गाव सोडल्यापासून ती रिकामी पडली होती. जमिनीवर यंत्रांच्या पायांचे तेलकट चौकोन होते आणि कोपऱ्यांत कापसाचा करडा भुगा साचला होता. त्या जमिनीवर, पाऊस बाहेर कोसळत असताना, बाबांनी विटा आणि सिमेंटची खाडी बांधायला घेतली. वय झालेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. एक गवंडी काही दिवस होता. बाकी हात त्यांचे आणि माझे. नकाशे त्यांच्या जुन्या पेटीत होते. एका टोकाला समुद्र म्हणून एक टाकी, तिच्या तोंडाशी लाकडी फळीचा दरवाजा, तो वरखाली करायला एक चाक. चाक फिरवले की भरती, उलटे फिरवले की ओहोटी. विजेची गरज नाही.

अशा प्रतिकृतीला गोडे पाणी चालते. बाबांनी खाडीचे मागवले. टेंपोतून पिंपे आली. मी कारण विचारले नाही.

माझी बायको सुमन दारातून पाहून म्हणाली, "तुम्ही त्यांना थांबवत का नाही?"

"काय सांगून?"

ती आत गेली. संध्याकाळी तिने शेडमध्ये दोन कप चहा पाठवला. पुढेही पाठवीत राहिली.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे आणि छायाचित्रे काढण्याचा मला नाद होता. बाबांनी कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या श्रावणात ते म्हणाले, "तुझा कॅमेरा आण. मला दिसत नाही." पाण्यावर ते मेणात बुडवलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या सोडीत. चकत्या पाण्याबरोबर जात. त्यांची वाट म्हणजे पाण्याची वाट. नोकरीत असताना हे काम तरुण डोळ्यांची माणसे करीत. इथे तशी नव्हती. "डोळ्याला दिसतं ते सरकतं," ते म्हणाले. "फोटोत दिसतं ते थांबतं. मला थांबलेलं हवं."

चकत्या शेजारच्या रफीकने दिल्या. रफीक म्हणजे भिंतीपलीकडच्या कारखान्याचा मुकादम. गोरखपूरकडचा, तोंडाळ, पण मनाने चांगला. नक्षीच्या कापडासाठी लूमवर पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या पट्ट्या चढवतात. ती भोके पाडताना जे गोल तुकडे पडतात, त्यांनी भरलेली पिशवी त्याने आणून दिली. "लो मास्टर. इतने साल झाड़ू से बाहर फेंका, अब पता चला समंदर में जाता है."

कॅमेरा वर तुळईला तिरका बांधला. शटर उघडे ठेवायचे; बाबांनी मोठ्याने मोजलेले अंक संपले की एकदा फ्लॅश उडवायचा आणि शटर बंद करायचे. तेवढ्या वेळात प्रत्येक चकती पुढे सरकून कागदावर एक पांढरी रेघ होते. नुसत्या रेघेवरून ती कुठून कुठे गेली हे कळत नाही. दोन्ही टोके सारखीच. फ्लॅशमुळे शेवटच्या टोकाला एक ठळक ठिपका उमटतो. बाबा त्याला रेघेचे तोंड म्हणत. "तोंड नसलेली रेघ मला दाखवू नकोस. ती खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही."

अडचण एकच होती. भिंतीपलीकडे लूम चालू असले की प्रतिकृतीतले पाणी थरथरे. त्यावर बारीक उभ्या-आडव्या लहरी उमटत, ताणा आणि बाणा असावा तशा. साऱ्या खाडीवर कोणी कापड विणते आहे असे दिसे. अशा पाण्याचा फोटो निघत नाही. म्हणून आमचे काम भारनियमनाच्या वेळेत चाले. वीज गेली की आधी शेजारचे लूम थांबत, मग गल्लीतले, मग पलीकडचे, आणि शांतता एकेक कारखाना ओलांडत दूर पसरत जाई. भिवंडीत राहिलेल्यालाच ती शांतता ठाऊक आहे. कानांवरून हात काढल्यासारखी ती नसते. कोणीतरी हात ठेवल्यासारखी असते. पलीकडून रफीकची हाक येई, "बाबूजी, लाइट गया. चलाओ अपना समंदर."

मग पाणी थांबे. कापड उसवल्यासारखे विरघळे. काचेच्या कौलांतून पावसाळी उजेडाचे चौकोन खाडीवर पडलेले असत. बाबा चाक फिरवायला लागत, आणि टाकीच्या तोंडातून पाणी आत येई. त्याला आवाज नसे. घाटाची पायरी म्हणून बसवलेल्या फरशीच्या तुकड्यापाशी ते पोचे आणि बाबा म्हणत, "सोड." मी चकत्या सोडीत असे. आम्ही दोघे उभे आणि आमच्या पायांशी, साऱ्या मुलखात, त्या तेवढ्या हलत.

पहिले काही रोल धुऊन आले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शटर उघडे असताना जे हलते ते कागदावर पुसले जाते. बाबा चाकाशी सतत हलत असत. त्यामुळे प्रत्येक फोटोत समुद्राच्या काठावर दोन रबरी बूट स्पष्ट उभे होते, आणि गुडघ्यांच्या वर धुरासारखे काहीतरी होते, ज्यातून मागची भिंत दिसत होती. रफीकने तो फोटो हातात घेतला. त्याची चेष्टा थांबली. "ये वाला मत रखो, मास्टर," तो म्हणाला आणि फोटो पालथा करून परत दिला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "ढूँढते क्या हो इसमें?"

"पाण्याचा रस्ता."

"पानी का रस्ता? हमारे यहाँ आ जाओ. छत से निकलता है, सीधा मेरी खाट पे." तो हसला. मीही बहुधा हसलो असेन.

भाद्रपदात एका सकाळी शेड उघडली तर प्रतिकृतीत एक खेकडा होता. पिंपातून आला असावा, नखाएवढा. खारबावच्या बांधावर तो निश्चल बसला होता. बाबांनी त्याला हाकलू दिले नाही. त्या दिवशीच्या फोटोत तो स्पष्ट आला आहे, कारण तो हलला नाही: बूट, धूर, पांढऱ्या रेघा, आणि एका गावाएवढा खेकडा, कोणाची तरी वाट पाहत असलेला.

पडताळा घेतल्याशिवाय बाबा कोणत्याही प्रतिकृतीवर विश्वास ठेवीत नसत. जे खऱ्या खाडीत घडलेले सर्वांना माहीत आहे ते आधी हिच्यात घडले पाहिजे; मगच अज्ञात विचारायचे. आमच्या घाटावर गणपती विसर्जन होते. मूर्तींचे लाकडी पाट दरवर्षी एकाच ठिकाणी लागतात. खारबावच्या वळणावर, बाळारामच्या शेताच्या बांधाबाहेर. अनंत चतुर्दशी झाली. बाबांनी त्या दिवशीची भरती मोजून चाक फिरवले. मी चकत्या सोडल्या, जड आणि हलक्या. जड होत्या त्या वळणावर जाऊन गोल फिरल्या आणि बांधाला टेकून थांबल्या. दुपारी मी स्वतः जाऊन आलो. खरे पाट तिथेच लागले होते. सर्वांत पुढच्या पाटावर अजून दूर्वा होत्या.

मी येऊन सांगितले तेव्हा बाबांना आनंद झाला नाही. ते प्रतिकृतीपासून एक पाऊल मागे सरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वैशाखातली ती वेळ लावली. छापील वेळेला, चुकीच्या वेळेला, त्यांनी "आता" म्हटले. तोच शब्द, त्याच आवाजात. हलक्या चकत्या डावीकडे गेल्या. वळणावर फिरल्या. मग पाणी दमले, उलटले, आणि त्या एकेक करून सुटल्या, घाटावरून पुढे गेल्या, टाकीच्या तोंडातून समुद्रात उतरल्या. मी फोटो आणले. रेघांची तोंडे उजवीकडे होती. बाबांनी भिंग लावून एकेक ठिपका पाहिला.

"गेली," ते म्हणाले. "उशिरा गेली. पण गेली."

त्या संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी रेडिओ लावला.

आश्विनात बाळाराम प्रतिकृती पाहायला आला. बाळाराम खारबावचा शेतकरी. खाडीकाठी त्याचे खाजण होते, म्हणजे खाऱ्या जमिनीचे, बांध घालून राखलेले भातशेत. आईला तो ताई म्हणे. बाहेर ऑक्टोबरचे ऊन होते, शेतात भात पिवळे पडत होते, आणि जमिनीच्या दलालांचे त्याच्याकडे येणे सुरू झाले होते. तो खाडीच्या कडेने कमरेवर हात ठेवून हिंडला.

"काका, आमचा शेत कनचा?"

बाबांनी काठीने दाखवले.

"ह्यो? बशीएवरा? गोदामवाल्याला नका दावू काका, भाव पारंल." तो मोकळेपणाने हसला आणि मग वाकून बांधाकडे पाहू लागला. "आन उघारी कुठं हाय?"

खाजणाच्या बांधात पाण्याला जायला एक दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. पावसाचे पाणी ओहोटीला त्यातून बाहेर पडते आणि भरतीला झडप मिटते.

"बंद धरली आहे," बाबा म्हणाले.

"पावसात बंदच. पन चैत-वैशाखान आमी ती उघरी ठेवताव ना. भरतीचा पानी आत घेयाचा, कोलंबी येते त्याच्यासंगती. मिरग आला की मंग झडप लावायची." त्याने सुमनने दिलेला चहा संपवला. "ताईला दरसाली देत व्हतो की. यंदा ती ऱ्हायली न्हाय."

"यंदाही उघडी होती?"

"व्हती तर. लई कोलंबी आली यंदा."

तो गेल्यावर बाबांनी छिन्नी मागितली. बांधाच्या सिमेंटला त्यांनी वळणाच्या पोटात एक खाच पाडली, बोटाच्या पेराएवढी. मग आम्ही वीज जाण्याची वाट पाहत बसलो. लूम थांबले. रफीकची हाक आली. बाबांनी "आता" म्हटले.

या वेळी चकत्या वळणावर फिरल्या नाहीत. जणू कोणी आतून हाक मारावी तशा त्या काठाने रांगेत निघाल्या, खाचेपाशी किंचित थबकल्या आणि एकामागून एक आत शिरल्या. बाबांना त्या दिसत नव्हत्या. मला दिसत होत्या. मी फ्लॅश उडवला.

फोटो आले तेव्हा ते भिंग घेऊन बसले आणि मग त्यांनी भिंग खाली ठेवले. "तू सांग. कुठं गेली?"

"खाजणात."

"सगळी?"

"काठाने गेली ती सगळी."

"आपण काठावरूनच सोडलं," ते म्हणाले. मग विचारले, "ओहोटीला परत येते?"

"काही येतात. काही येत नाहीत."

भिंतीपलीकडे वीज आली, लूम सुरू झाले, खाडीवर पुन्हा कापड विणले जाऊ लागले. त्या खडखडाटात मला त्यांचे ओठ हलताना दिसले. शब्द ऐकू आले नाहीत. मात्र ते मला पाठ होते. गाळ लहान करता येत नाही. आयुष्यभर ते हे वाक्य इशारा म्हणून वापरत आले होते. त्या दिवशी त्यांनी ते आईच्या पत्त्यासारखे उच्चारले.

भात कापून, झोडून झाले आणि कार्तिकात बाळाराम गोणी घेऊन आला. आईच्या वेळेपासूनचीच रीत. गोणी ओट्यावर टेकवून तो म्हणाला, "खा काका, पोटभर खा. ह्यो शेवटचा. जमीन दिली. पुढल्या पावसाच्या आदी भराव परनार."

मला वाटले बाबा आत निघून जातील. त्यांनी विचारले, "माती किती घालणार?"

"पुरुषभर तरी लागंल."

"आणि उघाडी?"

"उघारी कशाला ऱ्हाते, काका? भिंत येल तिथं."

त्याने आईच्या तसबिरीला हात जोडले आणि तो गेला. सुमनने गोणीची शिवण उसवली. तिने फोटो पाहिलेले होते; घरात दोरीवर वाळत घातलेले फोटो कोणापासून लपत नाहीत. ओंजळभर तांदूळ हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तांदूळ तांबूस होता, खाऱ्या जमिनीतला असतो तसा.

"हा लावायचा का?" तिने मला विचारले.

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "लाव."

आम्ही पानावर बसलो. बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवले, चित्राहुती घातल्या. भाताला हात लावण्याआधी त्यांनी पान थोडे आपल्याकडे ओढले. त्यांनी वरण घेतले नाही, मीठ घेतले नाही. ते सावकाश जेवले. खडखडाट नव्हता, वीज गेलेली होती. माझ्या पानातला भात तसाच होता. बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. जन्मात कधी दुसऱ्यांदा न मागणाऱ्या त्या माणसाने रिकामे ताट पुढे केले आणि म्हणाले, "अजून वाढ." सुमनने वाढले. मग मीही जेवलो. भात गोड होता. शेवटी जिभेवर किंचित खारटपणा राहत होता, तो दरवर्षीच असे.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, "भराव पडायच्या आत माझं झालं, तर मला भरतीला सोड. तिला सोडलं त्याच वेळेला, त्याच पायरीवरून."

"आणि आत नाही झालं तर?"

ते उठून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर त्यांनी टाकीचे बूच काढले होते. समुद्र रिकामा झाला होता आणि खाडी त्याच्यामागे ओसरत होती. वळणाच्या खाचेपलीकडच्या खाजणातले पाणी मात्र तसेच होते. त्यात काही चकत्या मेणासकट तरंगत होत्या. त्या बाबांनी काढू दिल्या नाहीत.

भराव पावसाच्या आधी पडला. डंपर रात्रंदिवस फिरत होते. बाबा त्यानंतर दोन पावसाळे जगले. त्या काळात त्यांनी खाडीचे नाव घेतले नाही. फक्त एकदा, वीज गेल्यावर, ते शेजारच्या भिंतीला कान लावून बसले होते आणि म्हणाले, "कोणी समंदर चालव म्हणत नाही हल्ली." रफीक तोवर गावी परतला होता.

ते गेले तेव्हा प्रश्न माझ्यावर आला. त्यांच्या अटीची वेळ टळली होती. टळली तर काय करायचे, ते त्यांनी सांगितले नव्हते. भराव पडला की वळणाचे पाणी बदलते हे त्यांना कळत नव्हते, असे मी मानत नाही. मी वेळापत्रक पाहिले, त्यात उशीर मिळवला नाही, आणि घाटावर गेलो. गुरुजी दुसरे होते. त्यांनी विचारलेही नाही. मी "आता" म्हटले.

माळ डावीकडे निघाली. मी तिवईवर कॅमेरा आणला होता. काठाकाठाने फुले वळणापर्यंत गेली. तिथे आता काँक्रीटची भिंत होती आणि तिच्यावर गोदामाचे निळे पत्रे. भिंतीपाशी फुले थांबली. जिथे उघाडी होती साधारण त्याच जागी ती फिरत राहिली, एक फेरा, पुन्हा एक फेरा. मग पाणी उलटले. मंडळी केव्हाच निघून गेली होती. ओहोटीबरोबर फुले परत आली, माझ्यासमोरून, हाताच्या अंतरावरून गेली, आणि उजवीकडे, समुद्राकडे, लांब होत गेली. ज्या गावाला आईला जायचे होते त्या गावाकडे बाबा निघाले होते. आई इथे, वळणावर होती. पुरुषभर मातीखाली.

फुले समोरून जात असताना मी शटर उघडे धरले होते. भर उन्हात, उजेड अडवणारी काळी काच लावून. फ्लॅश उडवला नाही.

शेड आता एका कुरियरवाल्याला भाड्याने दिली आहे. खाडी फोडून जमीन सपाट केली. पण पावसाळ्यात फरशीला मीठ सुटते, आणि ओल धरते ती एका नागमोडी आकारात, टाकीच्या कोपऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. पार्सले त्या आकारावर ठेवली तर खालून भिजतात. तो माणूस तक्रार करतो. मी त्याला फळ्या टाकायला सांगतो.

घाटावरचा तो फोटो धुऊन आला त्या संध्याकाळी सुमनने तो हातात घेतला. काळे पाणी, आणि त्यावर सात-आठ पांढऱ्या रेघा. दोन्ही टोके सारखी.

"गेले ना आईंकडे?" तिने विचारले.

तिने एका रेघेवर बोट ठेवले आणि ते सावकाश फिरवले, उजवीकडून डावीकडे, आतल्या बाजूला. मग तिने फोटो आईच्या तसबिरीमागे ठेवला आणि भात लावायला गेली.